चौतीस कणसांचा पंचनामा

एखादी मोठी केस सांगा, असं कुणी म्हटलं की मी ज्वारीच्या कणसांची चोरी सांगतो. समोरचा हसतो. हसू द्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, कोर्टात उलटतपासण्या झेलल्या. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. ही चोरी मात्र आठवली की आजही मला माझीच लाज वाटते आणि त्याच वेळी बरंही वाटतं. दोन्ही का, ते पुढे कळेल.

मी तेव्हा फुलसावंगी-ढाणकी पट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी चालू होती. त्या दिवसांत ठाण्यात धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची भांडणं, विहिरीवरून चोरीला गेलेल्या मोटारी, नवरा-बायकोच्या तक्रारी, असाच कारभार असतो. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी वाचत बसलो होतो. आमचे जुने हवालदार दारात येऊन म्हणाले, "साहेब, एक परदेशी पोट्टा आला. आफ्रिकेचा हाये. बाकड्यावर बसून रडून राह्यला."

आत आला तो पंचविशीतला उंच, काळा, हाडं दिसेपर्यंत वाळलेला मुलगा. हाताला सलाइनची चिकटपट्टी तशीच. मी त्याला काय विचारावं? पाणी विचारलं नाही, बस म्हटलं नाही. म्हटलं, "पासपोर्ट दाखव." पोलिसाची सवय, दुसरं काय! त्याने निमूटपणे पासपोर्ट, निवासाचा परवाना, विद्यापीठाचं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "साहेब, मले रिपोट द्याचा हाये. माझे कणसं चोरीला गेले."

त्या पोराच्या तोंडून आमचं वऱ्हाडी ऐकून हवालदारांनी तोंड फिरवलं. हसू आलं असणार त्यांना. मला नाही आलं. मी एसपी ऑफिसच्या परकीय नागरिक शाखेत फोन लावला. तिथून कळलं की नोंदणी रीतसर आहे, कुठलाही डाग नाही.

मग त्याला बसवून सगळं ऐकून घेतलं. पोरगा मलावीचा. आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांना आपलं सरकार पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतं, तीवर तो कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करत होता. विषय ज्वारी. त्याच्या आईच्या शेतात पिकणारे वाण रीतसर परवानगीने इथे आणून आपल्या वाणांशेजारी पेरायचे आणि कमी पाण्यात कोण तग धरतं ते पाहायचं, असं ते काम. बंजाऱ्यांच्या एका तांड्याजवळ विद्यापीठाने त्याच्यासाठी अर्धा एकर घेतला होता. हे त्याचं दुसरं आणि शेवटचं वर्ष. त्याने निवडलेल्या चौतीस झाडांच्या कणसांवर कागदी पिशव्या चढवल्या होत्या. शेजारचा पराग येऊ नये म्हणून तसं करतात. पिशवीवर नंबर आणि वहीत त्या नंबरची सगळी कुंडली. त्या चौतीस कणसांतच त्याचा प्रबंध होता.

आणि नेमकी तीच चौतीस गेली होती. तापाने तो आठ दिवस पुसदच्या दवाखान्यात होता. परत येऊन पाहतो तर ज्वारीची नुसती ताटं, बिनकणसांचे धांडे उभे.

"नाही सापडली तर?" मी विचारलं.

"आठ दिवसांनी कमिटी येते. कणीस नाही, तर काम झालं नाही. शिष्यवृत्ती बंद. तिकीट देतात, घरी जायचं." मग टेबलावरचा पासपोर्ट उचलत तो म्हणाला, "माझ्या गावातून कुणी एवढं शिकलं नाही. मी निघालो तेव्हा मोठ्या रस्त्यापर्यंत सगळे चालत आले. आई म्हणाली, रिकाम्या हाताने येऊ नको."

मी त्याच्या प्राध्यापकांना फोन केला. ते सज्जन गृहस्थ. म्हणाले, "मुलगा हिरा आहे हो. पण नियम म्हणजे नियम. कुठलं कणीस कुठल्या झाडाचं, हे सिद्ध झालं नाही तर मी तरी काय करू?"

चौतीस कणसांसाठी गुन्हा दाखल करायचा म्हटल्यावर ठाण्यात कुजबुज झाली. मुद्देमालाची किंमत काय लिहू, म्हणून ठाणे अंमलदार पेन धरून बसले. मी त्यांच्यावर ओरडलो, "लिहा काहीतरी, पण लिहा!"

त्याच दुपारी घटनास्थळ पाहिलं. आमच्या भागात आता ज्वारी फारशी कुणी पेरत नाही. रानडुकरं ठेवत नाहीत, पाखरं ठेवत नाहीत. म्हणून या अर्ध्या एकरावर राखणीला तांड्यातली एक म्हातारी ठेवलेली. मचाणावर बसून ती दिवसभर गोफण फिरवायची, संध्याकाळी पोराला भाकर करून घालायची. तो तिला याडी म्हणायचा. तांड्यातल्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. घटनेनंतर मात्र तिच्या घराला कुलूप होतं.

चौतीस ताटांचे शेंडे विळ्याने एका फटक्यात तिरपे कापलेले. आजूबाजूच्या एकाही कणसाला हात लावलेला नाही. चार दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस झाला होता, त्याने उरलेली कणसं काळी पडायला लागली होती. तेही मी पंचनाम्यात नोंदवून घेतलं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. एवढंच ठरवलं की चोर जाणकार आहे. पहिला संशय एका बियाणे कंपनीच्या एजंटावर गेला, तो महिनाभरापूर्वी शेताचे फोटो काढून गेला होता. त्याला बोलावून दोन तास पिळला. तो त्या आठवड्यात मारेगावला होता. ज्या कृषी केंद्रात तो बसला होता, तिथल्या चार माणसांनी ते सांगितलं. त्याला सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी खबर आली. आमचा खबऱ्या बकऱ्या राखायचा. तो म्हणाला, "साहेब, बाहेर कायले शोधता? राखणवालीच हाये. मंगळवारी भर दुपारी डोक्शावर गठुडं घेऊन गेली. वरून लुगडं झाकेल होतं, पन खालून धांडे लोंबून राह्यले होते. त्याच सांजच्याला कुलूप लावून लेकीकडं ढाणकीले पसार."

मी विद्यार्थ्याला हे सांगितलं तर तो उठून उभाच राहिला. "याडी चोर नाही, साहेब. नाही म्हणजे नाही."

"अरे बाबा," मी म्हटलं, "आमच्या धंद्यात घरचाच माणूस निघतो. तू पुस्तकं वाच, हे मला करू दे."

आणि मी जीप पाठवली. सोबत महिला शिपाई दिली, म्हणजे सगळं नियमानं झालं अशी माझी समजूत. नियमानं झालं नव्हतं. बाईमाणसाला, त्यातून म्हाताऱ्या माणसाला, जबाबासाठी ठाण्यात आणायचं नसतं. पोलिसाने तिच्या दारी जायचं असतं. कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे आणि मी ते परीक्षेत लिहून पास झालो होतो. पण आठ दिवसांतला एक दिवस गेलेला, वर एजंटाने तोंडघशी पाडलेलं. घाई आणि घमेंड एकत्र आली की माणूस काय करतो ते मी केलं. लेकीच्या दारातून, बाळंतीण नातीच्या खाटेजवळून, साऱ्या मोहल्ल्यादेखत तिला जीपमध्ये बसवून आणलं.

म्हातारी सत्तरीची. हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, पोलक्यावर आरशांची टिकली-टिकली नक्षी, डोक्यावर ओढणी. मी खुर्ची दिली. ती खाली फरशीवर बसली.

"कणसं तुम्ही नेली का?"

उत्तर नाही.

"कुणी न्यायला सांगितली?"

उत्तर नाही. गोडीने विचारलं, आवाज चढवून विचारलं, महिला शिपाईला विचारायला लावलं. दीड तास ती भिंतीकडे बघत बसली. शेवटी एवढंच म्हणाली, "म्या काईच नाई नेलं." मला वाटलं, चला, खोटं बोलली म्हणजे सापडली.

हवालदारांनी मला व्हरांड्यात बोलावलं. वयाने माझ्यापेक्षा मोठे होते, कधी कधी हक्काने बोलायचे. "साहेब, रागावू नका. हिच्या बापाच्या जमान्यात कुठंबी चोरी झाली का पोलीस आधी तांड्यात. मर्द मानसं रानात पळत, बाया अशाच भितीकडं पाहून बसत. ते पाहून मोठी झाली ते. तुमी कितीबी गोड बोला, तिले तुमचा पट्टाच दिसते."

"मग काय करू?"

"पोट्ट्याले आना."

मी विद्यार्थ्याला आत पाठवला. मी दारातच थांबलो. तिने मान वर केली, त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि तिचं तोंड मोकळं सुटलं. गोरबोलीत भराभर काहीतरी बोलली. मला एवढंच कळलं की जेवणाचं विचारते आहे आणि रागावते आहे. तो पोरगा तिच्यासमोर फरशीवर बसला, तिच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि हमसून हमसून रडायला लागला. रडता रडता म्हणाला, "याडी, माझे कणसं गेले."

"गेले काहून?" म्हातारी त्याच्याच भाषेत, म्हणजे तिने त्याला शिकवलेल्या वऱ्हाडीत म्हणाली. "मायाजवळ हायेत ना!"

मी दारातून आत आलो. मला पाहून ती पुन्हा गप्प होणार, तेवढ्यात मी एक काम केलं. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि मीही फरशीवर बसलो. गुडघे बोलले, पण बसलो. म्हटलं, "आई, सांगा."

मग तिने सांगितलं. पोरगा दवाखान्यात. तापात बडबडत होता, उचलून नेला होता. इकडे आभाळ भरून आलेलं. "पानी आलं का सारी काळी पडतीन. मले काय मालूम, पोट्टा वाचते का नाई! म्हटलं, तो नाई तं त्याचं बी तरी वाचव. ज्याच्यावर त्याचा जीव, तेच कापले. कागदवाले."

तांड्यातल्या बायका बियाण्याचं कणीस असंच निवडतात, काढणीच्या आधी, एकेक. ते झोडपत नाहीत. लांब दांड्यासकट कापतात, जुडी बांधतात आणि चुलीवरच्या आढ्याला टांगतात. धुराने कीड लागत नाही. तिच्या आईने केलं, तिने केलं. तेवढ्यात लेकीकडून नातीचे दिवस भरल्याचा निरोप आला म्हणून ती गेली. आल्यावर पोराला देईन, यात सांगायचं काय, असं तिचं म्हणणं.

मला हायसं वाटलं. विद्यार्थ्याचा चेहरा मात्र उजळला नव्हता. त्याने हळूच विचारलं, "याडी, कागद?"

"कागदात घाम येते रे दान्याले. बुरशी धरते. काहाडले अन् चुलीत घातले."

म्हणजे नंबर गेले. चौतीस कणसं शाबूत होती, पण कुठलं कुठल्या झाडाचं, कोण त्याच्या आईकडचं, कोण आपल्याकडचं, सांगायला काही उरलं नव्हतं. त्याने तिला बोल लावला नाही. नुसता तिचा हात हातात धरून बसला. म्हातारी एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागली. आपल्या हातून काहीतरी भयंकर झालं आहे, हे तिला कळलं.

"मंग आता याले धाडून देतीन का?" तिने मला विचारलं. "मायामुळं?"

 मी उठलो आणि जीप काढायला सांगितली.

दिवस मावळायच्या आत आम्ही तिच्या घरी गेलो. या वेळी मी तिला जीपमध्ये पुढे बसवलं. चुलीवर आढ्याला दोन जुड्या टांगलेल्या होत्या. मी एक खाली काढली आणि मुद्देमाल म्हणून दांड्याचं टोक निरखायला लागलो. तिरपा काप. एक जाड, एक बारीक. एकाच्या गाभ्यात तांबडी रेघ, एकाची साल कापाशी चिरलेली.

आणि मला सागवान आठवलं. आमच्या जिल्ह्यात सागाची चोरी नेहमीची. चोर पकडला की म्हणतो, हा ओंडका माझ्या शेतातला. मग आम्ही तो ओंडका जंगलात नेऊन थुटाला, तोडलेल्या झाडाच्या उरल्या बुंध्याला, लावून पाहतो. घेर, काप, आतल्या रेघा जुळल्या की कोर्टात चोराची बोलती बंद. अहो, ओंडका थुटाला जुळतो, तर कणीस ताटाला का जुळणार नाही? ताटं अजून शेतात उभी होती. ओळी ठरलेल्या होत्या. कुठल्या ओळीतलं कितवं झाड कुठल्या नंबरचं, ते पोराच्या वहीत लिहिलेलं होतं.

मी हे बोललो तेव्हा विद्यार्थी माझ्याकडे असा बघत राहिला की मला अवघडल्यासारखं झालं. "बघतोस काय?" मी खेकसलो. "उद्या सकाळी सात वाजता वही घेऊन शेतात हजर."

सकाळी दोन पंच, हवालदार, मी, तो आणि म्हातारी. उन्हं उतरेपर्यंत आम्ही ज्वारीत उभे होतो. एक कणीस घ्यायचं, ओळीने ताटांना लावून बघायचं, पट्टीने घेर मोजायचा, कापाची तिरीप जुळवायची, भिंगातून रेघा बघायच्या, पंचांनी होय म्हटलं की लिहायचं. सुरुवातीला एकेकाला अर्धा तास लागत होता. मग म्हातारी पुढे सरसावली. कणीस हातात घेऊन वजन केल्यासारखं करायची आणि थेट एका ताटाकडे चालू लागायची. "हे इथलं." लावून बघावं तर सांध्यासारखं बसायचं! चार महिने ती त्या झाडांना पाखरांपासून राखत होती. तिला ती माणसांसारखी ओळखीची होती. हवालदार म्हणाले, "साहेब, भिंग ठेवा खिशात." तरी मी प्रत्येक कणीस मोजूनच लिहिलं. पंचनामा म्हणजे पंचनामा.

एकतीस जुळली. तीन राहिली. त्यांचे काप वाळून आक्रसले होते, दोन-दोन ताटांना बसत होती. म्हातारी खात्रीने सांगत होती, पण माप साथ देत नव्हतं. सकाळपासून जागचा न हललेला एक पंच कंटाळून म्हणाला, "लिहून टाका न साहेब, पोट्ट्याचं भलं होईन." खरं सांगतो, माझाही हात वळला होता. विद्यार्थ्याने मला थांबवलं. "नाही साहेब. जुळलं नाही, असं लिहा." मी तसं लिहिलं. त्या क्षणी मला तो पोरगा माझ्या मुलासारखा वाटला, हे कबूल करायला मला संकोच नाही.

कमिटी आली. तीन विद्वान माझ्यासमोर बसले आणि कोर्टात कुठल्या वकिलाने विचारले नसतील एवढे प्रश्न त्यांनी मला विचारले. मग शेतात जाऊन स्वतःच्या हाताने कणसं लावून पाहिली. एकजण पंचनाम्याच्या शेवटी बघत म्हणाले, "हा अंगठा कुणाचा?" मी म्हटलं, "ज्यांनी कणसं वाचवली त्यांचा. शेतात उरलेली कशी काळी पडलीत, ती बघा एकदा." त्यांनी पाहिली आणि काम मान्य केलं. शिष्यवृत्ती चालू राहिली.

आम्ही कोर्टात क समरी पाठवली, म्हणजे फिर्याद खोटी नाही आणि गुन्हाही घडलेला नाही, गैरसमज आहे. मुद्देमाल विद्यार्थ्याला परत मिळाला. पुढच्या वर्षी त्याच्या प्रबंधाची एक प्रत माझ्या नावे ठाण्यात आली. माझ्या हस्ताक्षरातला मराठी पंचनामा शेवटी जसाच्या तसा छापलेला, अंगठ्यासकट. तो आता त्याच्या देशात ज्वारीवरच काम करतो. आईकडे रिकाम्या हाताने गेला नाही.

या केसने मला काय शिकवलं? तपासाची युक्ती शिकवली, असं लोकांना वाटतं. ती मला आधीच येत होती. मी शिकलो ते एवढंच की दीड तास मी ज्या बाईकडून गुन्हा वदवून घेत होतो, तिच्यासोबत तिच्या घरी पाच मिनिटं गेलो असतो तर चुलीवर टांगलेलं उत्तर मला दिसलं असतं. ती जीप मी पाठवायला नको होती. हे मी तिला कधी म्हणालो नव्हतो. बदली झाली, मग दुसरी, मग निवृत्ती. राहून गेलं.

गेल्या वर्षी गेलो. साध्या कपड्यांत, एसटीने. म्हातारी आता वाकली आहे, नजर मंदावली आहे. मी दारात उभा राहून म्हटलं, "आई, मी तो ठाणेदार. तेव्हा तुम्हाला जीपमध्ये बसवून आणलं. चूक झाली माझी." तिने डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाली, "बसा ना बापा, उभे काहून? पानी घ्या." आणि या वेळी ती बाजेवर बसली, मी खाली.

पाणी पिताना माझी नजर वर गेली. चुलीवरच्या आढ्याला ज्वारीची एक जुडी होती. पोराने जाताना दिलेलं बियाणं ती दरवर्षी घरामागे दोन ओळी पेरते, असं तिने सांगितलं. यंदाची कणसं निवडून टांगली होती. पण प्रत्येक कणसावर वहीच्या पानाची पिशवी होती, दोऱ्याने बांधलेली, धुराने काळवंडलेली. नंबर नव्हता. तो तिला लिहिता येत नाही.

मी वर बघतो आहे हे तिला दिसलं.

"त्याले सांगजा," ती म्हणाली, "आता कागद काहाडत नाई म्या."